हद्द बिशपांची, बदली प्रोव्हिन्शियलची

पुण्याचे बिशप हेन्री डोरिंग जन्माने जर्मन आणि संघाने जेझुइट, म्हणजे येशूसंघीय होते. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते युरोपात होते आणि तिकडेच अडकले. शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला हिंदुस्थानात परत घ्यायला इंग्रज सरकार तयार नव्हते. इकडे मुंबई-पुण्यातल्या जर्मन फादरांना आधी नजरकैद झाली, मग बोटीत बसवून मायदेशी धाडण्यात आले. शाळा, कॉलेजे, नगर जिल्ह्यातली खेडोपाडीची मिशने यांतली माणसे दोनेक वर्षांत निघून गेली. डोरिंग यांना रोमने १९२१ साली जपानमध्ये हिरोशिमाला नेमले आणि १९२७ मध्ये पुन्हा पुण्याला पाठवले. याच डोरिंग यांनी १९०३ साली नगर जिल्ह्यातल्या केंदळ गावी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले होते.

महायुद्ध झाले नसते तर पुणे धर्मप्रांताची खरी अडचण कदाचित उघडी पडली नसती. हा धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला. पहिले बिशप बायडर-लिंडन हेही जर्मन जेझुइटच होते. बिशप संघाचे, फादर संघाचे, कॉलेजचे प्राचार्य संघाचे आणि तो संघ जवळजवळ एकाच देशातून आलेला. धर्मप्रांताचे स्वतःचे म्हणावेत असे धर्मगुरू अगदी थोडे. त्यामुळे संघ उठला आणि धर्मप्रांत बसला. ती पोकळी गोव्या-मंगळूरचे धर्मगुरू आणि इतर देशांतले जेझुइट यांनी जमेल तशी भरली. मुंबईकडे पुढे स्पेनमधले जेझुइट आले, तर पुण्याकडे स्वित्झर्लंडमधले.

धर्मप्रांत आणि व्रतस्थ संघ यांचे नाते बाहेरच्याला सहसा दिसत नाही. पांढरा झगा घातलेला प्रत्येक जण फादर आणि डोक्यावर वस्त्र घेतलेली प्रत्येक जण सिस्टर, एवढ्यावर आपली ओळख थांबते. आत मात्र दोन वेगळ्या साखळ्या आहेत. धर्मप्रांत म्हणजे नकाशावर सीमा आखलेला प्रदेश आणि त्याचे प्रमुख बिशप. त्या प्रदेशातल्या धर्मग्रामांसाठी, म्हणजे पॅरिशांसाठी, दीक्षा घेतलेला तो धर्मप्रांतीय धर्मगुरू. त्याची बदली बिशप करतात आणि ती होते धर्मप्रांतातल्या धर्मप्रांतातच. तो ब्रह्मचारी राहतो, बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो, पण दारिद्र्याचे व्रत घेत नाही. वसईतल्या एखाद्या धर्मप्रांतीय फादरांच्या नावावर वडिलोपार्जित वाडीचा हिस्सा असला, तर त्यात नियमबाह्य काही नाही.

व्रतस्थांचे तसे नसते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेऊन ते संघात शिरतात. मिळकत संघाची, घर संघाचे आणि आज्ञा वरिष्ठांची. हे वरिष्ठ म्हणजे बहुधा प्रोव्हिन्शियल. त्यांचा ‘प्रांत’ पाच-दहा धर्मप्रांतांवर पसरलेला असू शकतो आणि त्यांच्याही वर रोममध्ये किंवा आणखी कुठे जनरल असतात. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, कार्मेलाइट, सलेशियन, जेझुइट आणि सिस्टरांचे कितीतरी संघ या दुसऱ्या साखळीतले. सगळे व्रतस्थ धर्मगुरू नसतात, हेही लक्षात ठेवायला हवे. सिस्टर तर नसतातच, पण पुरुषसंघांतही दीक्षा न घेतलेले ब्रदर असतात. वसईचे संत गोन्सालो गार्सिया असेच ब्रदर होते. जेझुइटांबरोबर ते जपानला गेले, तिथे काही काळ व्यापार केला आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघात प्रवेश मिळवला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले. वसईने जगाला दिलेला संत वसईच्या कुठल्याच धर्मग्रामाचा धर्मगुरू नव्हता!

जिल्ह्यातल्या रेल्वे स्टेशनाचा विचार केला की ही व्यवस्था चटकन ध्यानात येते. जिल्हा कलेक्टरांचा, तिथली कायदा-सुव्यवस्था त्यांच्या अखत्यारीत. पण स्टेशनमास्तरांची बदली कलेक्टर करू शकत नाहीत. गाडी किती वाजता सुटणार हेही ते ठरवत नाहीत.

कलेक्टर आणि रेल्वे यांचे एकंदरीत बरे चालते. बिशप आणि संघ यांचे मात्र पंधराशे वर्षे भांडण चालले आहे. इसवी सन ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेने ठरवून टाकले की बिशपांच्या संमतीवाचून मठ उभारायचा नाही आणि मठवासीयांनी बिशपांच्या अधीन राहायचे. पुढे युरोपात बिशपपदे सरदार-राजांच्या मर्जीने वाटली जाऊ लागली, तेव्हा मठांनी सरळ पोपचा आश्रय शोधला. ९१० मध्ये स्थापन झालेला फ्रान्समधला क्लुनीचा मठ याचे ठळक उदाहरण. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन आले, ते मठात कोंडून न घेता शहरांच्या चौकात प्रवचने देत हिंडणारे. लोक त्यांच्याकडे पापनिवेदनाला जाऊ लागले, मरताना त्यांच्याच चर्चमध्ये दफन मागू लागले. धर्मग्रामाच्या फादरांचे उत्पन्न बुडाले आणि ओरड सुरू झाली. १३०० साली पोप आठवे बोनिफेस यांनी मध्यम मार्ग काढला. पापनिवेदन ऐकायला बिशपांचा परवाना हवा आणि दफनाच्या दक्षिणेतला चौथा हिस्सा धर्मग्रामाला द्यायचा. इतक्या उंच धर्मशास्त्रीय वादाचा निकाल शेवटी चार आण्यांवर यावा, याचे मला नेहमी हसू येते. पण निकाल व्यवहारी होता. दोन्ही बाजूंना काहीतरी मिळाले.

आपल्याकडे ही मंडळी पोर्तुगिजांबरोबर आली आणि आल्याबरोबर त्यांना मुलूख वाटून देण्यात आले. गोव्यात १५५५ च्या सुमारास तिसवाडीतली गावे डॉमिनिकन आणि जेझुइट यांच्यात विभागली गेली. पुढे सासष्टी जेझुइटांकडे गेली आणि बारदेश फ्रान्सिस्कनांकडे. वसई-साष्टी पट्ट्यातही हाच प्रकार. फ्रान्सिस्कन अंतोनियु दु पोर्तु यांनी सोळाव्या शतकाच्या मध्याला या भागात काम सुरू केले आणि बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांचे प्रार्थनालय करून शेजारी मठ बांधला. त्या मठाच्या भिंती लेण्यांच्या डोक्यावर आजही उभ्या आहेत.

या वाटपाचे दोन परिणाम झाले. एक चांगला म्हणायला हवा. एकाच भागात पिढ्यानपिढ्या राहून तिथल्या भाषेत बुडायला संघांकडे सवड होती. राशोल आणि मडगावच्या परिसरात आयुष्य काढलेल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले. जन्मापासून मराठी ऐकलेल्या माणसाचेही ओवी लिहिताना हात थरथरतात, हे तर परदेशातून आलेले गृहस्थ. त्यांच्या मागोमाग फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यांनीही मराठीत पुराण रचले.

दुसरा परिणाम कटू होता. धर्मग्रामे म्हणजे संघांची वतने झाली. बारदेशातल्या फ्रान्सिस्कनांकडची गावे आम्हाला द्या, आम्हीही दीक्षित आहोत, असे इथले धर्मगुरू मागत राहिले आणि अर्ज करत राहिले. आर्चबिशपांनी तपासणीला यावे की नाही, यावरूनही खटके उडत होते. संघाचे म्हणणे, आम्ही थेट पोपच्या अधीन आहोत. ही गावे धर्मप्रांतीय धर्मगुरूंच्या हाती आली ती १७६० च्या दशकात. त्याआधी गोव्याचे एक बलाढ्य आर्चबिशप आलेशु द मेनेझिस तर स्वतःच ऑगस्टिनियन संघाचे होते. त्यांनीच १६०६ साली जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा भव्य स्त्रीमठ उभारला. बिशप एका संघाचे असले की बाकीचे संघ दबकून असतात. हा अनुभव पुढे मुंबई-पुण्यानेही घेतला.

संघ गेले की काय होते, हेही कोकणपट्टीने दोनदा पाहिले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. किल्ल्यातले मठ ओस पडले, घंटा देवळांत गेल्या आणि मागे उरलेल्या ख्रिस्ती गावांना गोव्याहून आलेले व स्थानिक धर्मगुरू सांभाळू लागले. गोव्यात जेझुइटांची हकालपट्टी १७५९ मध्ये झाली. बाकी पुरुषसंघ १८३५ मध्ये बंद पडले, कारण आदल्याच वर्षी पोर्तुगालने आपल्या राज्यातले संघ मोडीत काढले होते. ऑगस्टिनियन मठाचे छत १८४२ मध्ये कोसळले. त्याच्या मनोऱ्याचा उरलेला भाग आज पर्यटक पाहतात. सांता मोनिकाच्या सिस्टरांना घराबाहेर काढले नाही, फक्त नव्या मुली घेण्याची बंदी केली. शेवटची सिस्टर १८८५ साली वारली. कागदावर किती सौम्य वाटते ही शिक्षा!

या दोन्ही वेळी धर्मग्रामे मात्र मेली नाहीत. आजची वसई पाहिली की याचा अर्थ कळतो. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत प्रामुख्याने तिथल्याच वाड्यांतून आलेल्या धर्मगुरूंच्या बळावर चालतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच जातकुळीतले, धर्मप्रांतीय.

मुंबई बेटावरची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. इथे संघ आणि बिशप यांच्या भांडणात राजेही उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईतले फ्रान्सिस्कन पोर्तुगालचे हस्तक वाटत. १७२० मध्ये त्यांना बेटावरून घालवून चर्चेस कार्मेलाइट संघाच्या व्हिकर अपोस्टोलिकांकडे, म्हणजे थेट रोमच्या प्रतिनिधीकडे, देण्यात आली. त्या शतकाच्या अखेरीस कंपनीने ती आधी गोव्याला परत दिली आणि मग दोन पक्षांत वाटून टाकली. त्यामुळे एकाच बेटावर गोव्याची सत्ता आणि रोमची सत्ता शेजारी शेजारी नांदू लागली. नांदली म्हणणे धाडसाचे होईल. १८५३ मध्ये वरच्या माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून वाद टोकाला गेला. भाविकांना चर्च गोव्याच्या पक्षाकडे द्यायचे होते. त्या वेळचे बिशप, कॅपुचिन संघाचे आनास्तासियुस हार्टमान, यांनी आत मुक्काम ठोकला आणि जीव गेला तरी हटणार नाही असे ठरवले. शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले आणि चर्च गोव्याच्या पक्षाकडेच गेले. बुधवारच्या नोव्हेनाला आज माहीमला उसळणारी गर्दी या वेढ्याची आठवण ठेवत असेल असे वाटत नाही.

त्याच दशकात जर्मन जेझुइट मुंबईत आले आणि १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज सुरू झाले. मुंबईचे आर्चबिशपपद जवळजवळ १९५० पर्यंत जेझुइटांकडे राहिले. शेवटचे जेझुइट आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज. देश स्वतंत्र होणार हे दिसत असताना आपल्या जागी भारतीय माणूस यावा, असे त्यांचे मत होते. साहाय्यक बिशप व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्या हाती कारभार देऊन ते १९४६ मध्ये इथून निघाले. राजीनामा मंजूर झाला १९५० मध्ये आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. संघाने आपले आसन आपणहून सोडल्याची उदाहरणे चर्चच्या इतिहासात फार नाहीत. म्हणून रॉबर्ट्स यांच्याविषयी मला विशेष आदर आहे.

आता हे सारे कायद्यात बसवले गेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तत्त्व मांडले आणि १९८३ च्या चर्चच्या कायद्याने तपशील भरले. संघाला धर्मप्रांतात घर उघडायचे तर बिशपांची लेखी संमती आधी लागते. घर बंद करताना मात्र त्यांच्याशी सल्लामसलत पुरते, संमती लागत नाही. घराच्या आतला कारभार, म्हणजे कोण वरिष्ठ, प्रार्थना केव्हा, पैसा कसा, यात बिशपांनी पडायचे नाही. पण सार्वजनिक उपासना, भाविकांची आध्यात्मिक देखभाल आणि बाहेरच्या सेवाकार्यात व्रतस्थांनी बिशपांचेच ऐकायचे. धर्मग्राम एखाद्या संघाकडे सोपवायचे असेल तर करार लेखी करायचा: किती काळासाठी, किती माणसे देणार, पैशाचे काय. अशा धर्मग्रामाचा प्रमुख संघाचे वरिष्ठ सुचवतात आणि बिशप नेमतात. काढताना दोघांपैकी कोणीही एकटा काढू शकतो, दुसऱ्याला कळवले की झाले.

प्रत्यक्षात ठिणगी पडते ती बदल्यांवरून. शाळेच्या मुख्याध्यापक सिस्टरांनी पाच-सहा वर्षांत शाळा नावारूपाला आणलेली असते. पालकांना त्या हव्या असतात, बिशपांनाही हव्या असतात, आणि ऐन मे महिन्यात प्रोव्हिन्शियलचे पत्र येते की त्यांना दुसऱ्या राज्यात पाठवले आहे. पालकांचे शिष्टमंडळ बिशप हाउसवर जाते. बिशप विनंती करू शकतात, हुकूम देऊ शकत नाहीत. उलट बाजूही आहे. धर्मप्रांतीय फादर बदली होऊन आले की नवे वेळापत्रक लावतात आणि वीस वर्षे धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या सिस्टरांना विचारतही नाहीत. सिस्टर गप्प बसतात. आज्ञापालनाच्या व्रताचा सगळा भार त्यांच्यावरच का पडतो, हा प्रश्न चर्चमध्ये आता उघडपणे विचारला जातो, ते बरेच झाले.

सगळे संघ मात्र बिशपांपासून सारखेच दूर नसतात. काही थेट पोपच्या मान्यतेचे, तर काही एका बिशपांच्या मान्यतेने चालणारे. मदर तेरेसांचा प्रवास या दोन्हींतून गेला. लोरेटो संघ सोडून झोपडपट्टीत जाण्याचा ध्यास त्यांनी १९४६ मध्ये घेतला. कोलकात्याचे आर्चबिशप पेरिये, तेही जेझुइट, यांनी त्यांना थांबवून धरले. बाहेर पाऊल पडले ते १९४८ मध्ये. ७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटीला मान्यता मिळाली ती धर्मप्रांतीय संघ म्हणून. त्यामुळे पहिली दहा वर्षे त्यांचे काम कोलकात्यापुरतेच राहिले. थेट पोपची मान्यता १९६५ मध्ये आली आणि मग जगभर घरे उघडली. मुंबईत अंधेरीला आना हुबर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन धर्मभगिनीने १९४२ मध्ये सुरू केलेला ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा सिस्टरांचा संघही असाच एका शहरातून उगवलेला. नवा संघ काढण्याची बिशपांची मोकळीक आता कमी झाली आहे. १ नोव्हेंबर २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी कायदा बदलला आणि नव्या धर्मप्रांतीय संघासाठीही रोमची लेखी परवानगी आवश्यक केली. दर बिशपांगणिक नवे संघ निघून पुढे ते कुणी सांभाळायचे, हा प्रश्न रोमला सतावत होता.

संघांचा उपयोग खरा कुठे होतो, हे पाहायला नगर-नाशिककडे जावे. पुण्यापासून वेगळा झालेला नाशिक धर्मप्रांत १९८७ चा आणि त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव हे जेझुइट. या कोरडवाहू भागात स्विस जेझुइट हर्मन बाखर १९४८ मध्ये आले. धर्मग्रामाचा फादर त्याच्या गावात अडकलेला असतो. लग्ने, बाप्तिस्मे, दफने, सण यांतून त्याला मान वर काढता येत नाही. बाखर यांना संघाने मोकळे ठेवले. दुष्काळ पाहून ते पाण्याकडे वळले, डोंगरमाथ्यापासून पाणलोट अडवायचा विचार त्यांनी धरला आणि जर्मन मदतीने नाबार्डसह पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर त्यांनी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापला. लाभ घेणाऱ्या गावांत बहुसंख्य हिंदू शेतकरी. हे काम कुठल्याही बिशपांच्या वार्षिक योजनेत बसले नसते. संघाचा माणूस तिथे असतो, पण तिथल्या रोजच्या चाकोरीचा नसतो. बिशपांना जे खुपते, त्यातच संघाचा गुण दडलेला आहे, असे मी मानतो.

अलीकडचा वाद वेगळ्याच दारातून आला. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरांचा सरकारी पगार दारिद्र्याच्या व्रतामुळे संघाच्या खात्यात जातो. मग त्यावर टीडीएस कापायचा का? तामिळनाडू आणि केरळातल्या संघांचे म्हणणे असे होते की व्रत घेतल्यावर ती व्यक्ती नागरी जीवनाला मेलेली असते, पैसा तिच्या हाती येतच नाही, म्हणून कर नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिले फेटाळली. पगार मिळाला की कर लागू, तो पैसा पुढे कुणाला दिला याच्याशी आयकर खात्याला कर्तव्य नाही. चर्चच्या कायद्यातला ‘नागरी मृत्यू’ आयकर कायद्याला मान्य नाही. त्यामुळे आता सिस्टरांच्या नावाने फॉर्म सोळा निघतो आणि टीडीएस कापून उरलेला पगार पूर्वीसारखाच संघाकडे जातो.